'मराठी' या शब्दात अक्षरं किती?



या समूहात मी नुसती वाचणारी. ग्वाल्हेरचे वाडे, बडोद्याचे गणपती, बेळगावची आजोळं, सगळं आवडीने वाचते, पण लिहिलं कधीच नाही. आज लिहितेय आणि विषय आहे संगणकवाल्यांची परिषद. लगेच पळू नका. मला संगणक शिकवायचा नाहीये. आपल्या घरातल्या आठवणी आपण कुठे ठेवतो आणि त्या तिथे कशा टिकतात (किंवा टिकत नाहीत), एवढंच सांगायचंय.

माहेर देवास, सासर इंदूर, रामबाग. धंदा वेबसाइट बांधायचा. पीएचपी नावाच्या संगणकीय भाषेत मी २००५ पासून काम करतेय. दुकानांची बिलं, क्लासची फी, हॉटेलचं बुकिंग असली कामं, आणि बहुतेक सगळी इंग्रजीत.

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, शाळेत शिकवत होत्या. २००६ साली निवृत्त झाल्या आणि त्यांनी एक उद्योग सुरू केला. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी लिहून घ्यायच्या. त्या म्हणायच्या, "पुरुषांचं सगळं स्मरणिकेत छापून येतं गं. कोण कुठल्या हुद्द्यावर होतं, कोणी किती देणगी दिली. बायकांना कोण विचारतं?" वहीत टिपणं काढायची आणि घरी येऊन बरहा वापरून एका एका बोटाने टाइप करायचं. मंडळातल्या एका मुलाने २००७ साली पीएचपीमध्ये छोटी साइट बांधून दिली होती. तिच्यावर आठ वर्षांत ६३ आठवणी चढल्या. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हा गल्लीत काय झालं. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली त्या दिवशी एका घरात रात्री कोणीच का जेवलं नाही. अनंत चतुर्दशीच्या झाक्या बघायला छतावर जागा धरून बसलेल्या मुली. असं सगळं.

मध्यंतरी वह्यांना वाळवी लागली. आई म्हणाल्या, "जाऊ दे, साइटवर आहे ना सगळं."

२०१५ च्या दिवाळीनंतर साइट जिथे ठेवलेली होती त्या कंपनीने आपले सर्व्हर बदलले. दुसऱ्या दिवशी साइट उघडली तर मराठीच्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला इंग्रजी ए, शेजारी कसलंतरी गोल चिन्ह, परत तो ए, परत ते चिन्ह. पानंच्या पानं तशीच. तक्रार केली. त्यांच्या माणसाने 'दुरुस्ती' सुरू केली आणि त्यातून २२ आठवणींची नुसती प्रश्नचिन्हं झाली. बाकीच्या ४१ ना हात लावू नका म्हणून मी फोनवर अक्षरशः ओरडले. जुनी प्रत आहे का विचारलं, तर तिच्यावर नवी लिहिली गेली होती. साइट बांधणारा मुलगा कधीच परदेशी गेला होता.

आई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस देवघरात जास्त वेळ बसल्या, इतकंच.

हे सगळं डोक्यात असताना कळलं की फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत ड्रुपलकॉन एशिया होणार आहे. ड्रुपल म्हणजे पीएचपीत लिहिलेली, साइट बांधायची एक मोठी मोफत प्रणाली. तिची आशियातली ही पहिलीच परिषद, पवईच्या आयआयटीत, १८ ते २१ फेब्रुवारी. आई म्हणाल्या, "जा तू. मुलांचे डबे मी बघते." अवंतिकाने निघाले, सकाळी बोरिवलीला उतरले आणि रिक्षाने पवई.

आता पीएचपीबद्दल चार ओळी, कारण तिची जन्मकथा मला फार आवडते. रासमुस लेरडॉर्फ नावाचा माणूस, जन्म ग्रीनलंडचा, वाढला डेन्मार्क आणि कॅनडात. आपलं पान कोण कोण बघतंय हे कळावं म्हणून त्याने स्वतःपुरती काही हत्यारं बनवली आणि ८ जून १९९५ ला ती सगळ्यांना वापरायला खुली केली. नाव काय, तर 'पर्सनल होम पेज टूल्स', म्हणजे घरगुती पानाची हत्यारं. पुढे इस्राएलमधल्या दोन विद्यार्थ्यांनी, झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांनी, तिचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ साली तिसरी आवृत्ती आली. त्यांनी एक गंमत करून ठेवली. दोन विसर्ग शेजारी शेजारी ठेवल्यासारखं एक चिन्ह या भाषेत आहे. त्याचं आतलं नाव त्यांनी हिब्रूत ठेवलं: पामायिम नेकुदोतायिम. जगभरचे प्रोग्रॅमर चुकीच्या जागी ते चिन्ह टाकायचे आणि पडद्यावर हा हिब्रू शब्द बघून चक्रावून जायचे. कोणीतरी आपल्या घरची भाषा अशी कोपऱ्यात ठेवून दिली आणि ती तिथेच राहिली. आपल्यासारख्यांना हे समजायला वेगळं सांगावं लागत नाही.

फेसबुकची सुरुवात याच भाषेत झाली. विकिपीडिया, म्हणजे मराठी विकिपीडियासुद्धा, याच भाषेवर चालतो. तरी प्रोग्रॅमर लोकांत पीएचपीला नावं ठेवायची पद्धत आहे. गबाळी, सरमिसळ, व्याकरण नाही. इंदूरच्या मराठीबद्दल पुण्यात जे बोलतात तेच, अगदी शब्दशः!

परिषदेत पहिल्यांदा गेलं की माणूस बावचळतो. एकाच वेळी चार-पाच सभागृहांत भाषणं चालू. वेग कसा वाढवायचा, सुरक्षा कशी राखायची, मोठ्या साइटी कशा सांभाळायच्या. ड्रुपलची आठवी आवृत्ती येऊन तीन महिने झाले होते आणि पीएचपीची सातवी तर डिसेंबर २०१५ मध्येच आलेली, त्यामुळे हवा सगळी नव्याची. ड्रुपल सुरू करणारे बेल्जियमचे ड्रीस ब्यूटार्ट स्वतः आले होते आणि मुख्य भाषण त्यांचं होतं. त्यांच्या प्रकल्पाच्या नावाची कथा ऐकाल? त्यांना साइटला 'डॉर्प' नाव द्यायचं होतं. डच भाषेत त्याचा अर्थ गाव. टाइप करताना अक्षरं उलटी पडली आणि झालं 'ड्रॉप', म्हणजे थेंब. मग थेंबाला डचमध्ये जो शब्द आहे, ड्रुपेल, त्यावरून ड्रुपल. गावाचा थेंब झाला.

१९ तारखेला शिवजयंती. चहाच्या रांगेत मागून कोणीतरी मराठीत फोनवर बोलत होतं, मिरवणुकीमुळे रस्ता बंद आहे म्हणून उशीर झाला असं सांगत होतं. मी वळून हसले. ते बेळगावचे निघाले. पाच मिनिटांत आम्ही एकमेकांच्या गावच्या लोकांना ओळखतो का याची चाचपणी सुरू केली. आपली माणसं कुठेही भेटली की हे होणारच.

त्यांनीच मला सांगितलं की छापील वेळापत्रकाबाहेरच्याही बैठका असतात. रिकामी खोली, दारावर कागद चिकटवलेला, ज्याला रस आहे त्याने आत यावं. एका दारावर भारतीय लिप्यांचा कागद होता. आत दहा-बाराजण. तमिळवाले, बंगालीवाले, आम्ही दोघं. बोलणाऱ्या मुलीने फळ्यावर एकच शब्द लिहिला, मराठी, आणि विचारलं, "यात अक्षरं किती?"

आम्ही म्हणालो तीन. म, रा, ठी. लहान मूलही सांगेल.

तिने पीएचपीला विचारलं. पीएचपी म्हणाली पंधरा.

मग दुसऱ्या पद्धतीने विचारलं. उत्तर आलं पाच. तिसऱ्या पद्धतीने विचारलं तेव्हा कुठे तीन.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, हीच मेख. आज सगळीकडे चालते ती युनिकोडची यूटीएफ-८ पद्धत देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट जागा देते. काना आणि वेलांटी ही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, आणि पाच त्रिक पंधरा बाइट. पीएचपी जन्माला आली तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट असा इंग्रजी हिशोब होता. तिची जुनी फंक्शनं आजही बाइटच मोजतात. चिन्हं मोजायची तर वेगळं फंक्शन, आणि माणसाला दिसतात ती अक्षरं मोजायची तर आणखी वेगळं. बातमीचा मथळा मध्येच कापला जाऊन शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसतं ना? तिथे कोणीतरी बाइट मोजून कात्री चालवलेली असते. कात्री अक्षराच्या मधोमध पडते.

हे पीएचपीच्या पोटातच नीट करायचा मोठा प्रयत्न झाला होता. सहावी आवृत्ती पूर्णपणे युनिकोडची असणार होती. वर्षानुवर्षं काम चाललं, ते फार जड झालं आणि २०१० मध्ये सोडून दिलं. म्हणून पाचानंतर एकदम सात. सहा नंबर कधी जन्मलाच नाही. जगभरच्या लिप्यांना घरात घ्यायचं म्हणून ज्या आवृत्तीचा घाट घातला तीच राहून गेली, हे ऐकून मला जरा लागलंच.

बैठक संपल्यावर मी लॅपटॉप उघडून त्या मुलीला आईंच्या आठवणी दाखवल्या. आधी त्या तिरक्या रेघवाल्या ४१. बघितल्याबरोबर म्हणाली, "ताई, हे शाबूत आहे." तिने समजावलं ते असं. पार्सल आत जसंच्या तसं आहे, फक्त वरची चिठ्ठी चुकलीय. बाइट मराठीचेच आहेत, पण आत युरोपीय लिपी आहे असं डेटाबेसला सांगितलं गेलंय, म्हणून तो एकेक बाइट सुटा वाचतोय. पार्सल न फोडता बाहेर काढायचं आणि चिठ्ठी बदलून परत आत ठेवायचं. बाइटना हात लावायचा नाही. कसं करायचं ते तिने माझ्या वहीत लिहून दिलं.

मग प्रश्नचिन्हांच्या २२ दाखवल्या. ती गप्प झाली. म्हणाली, "हे गेलं." इथे पार्सल फोडलं गेलं होतं. मराठी अक्षर या लिपीत बसत नाही, असं म्हणून यंत्राने प्रत्येक चिन्ह काढून फेकलं आणि जागेवर प्रश्नचिन्ह ठेवलं. त्यातून मागे जायला वाट नाही.

शेवटचा दिवस, २१ फेब्रुवारी, कामाचा. भाषणं नाहीत. लांब टेबलं मांडतात आणि लोक एकत्र बसून प्रणालीतल्या चुका दुरुस्त करतात, नाहीतर भाषांतर करतात. तो दिवस जागतिक मातृभाषा दिन होता, हे तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं. आम्ही मराठीच्या टेबलावर पाचजण होतो. एक पुण्याची, एक नागपूरचा, एक ठाण्याचा, बेळगावचे ते आणि मी. 'सेव्ह' ला काय म्हणायचं? जतन करा, साठवा, की सेव्हच ठेवा? अर्धा तास वाद. मध्येच मी सहज म्हणाले, "घरी आज नळ आले नसतील, आईंना त्रास." पुण्याची हसली. "नळ कसे येतील? पाणी येतं!" आमच्याकडे नळच येतात बाई, हिंदीतून आलेत, पण आलेत आणि राहिलेत. बेळगावचे म्हणाले, आमच्या कानडीतून आलेल्या शब्दांनाही असंच हसतात. मग सगळेच आपापल्या गावचे शब्द काढत बसले आणि भाषांतर अर्धा तास बाजूला राहिलं.

त्याच टेबलावर एक गोष्ट कळली ती या समूहाच्या खास कामाची. आपला 'ऱ'. गोऱ्हे, कऱ्हाडे, दुसऱ्या यातला. हा संगणकावर तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह. दोन, र खाली टिंब. तीन, र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखे, यंत्राला तीन वेगळे शब्द. मंडळाच्या परिवार-सूचीत गोऱ्हे शोधले की अर्धेच का सापडतात, याचं कोडं तिथे सुटलं. पहिल्या दोन तऱ्हा एक करण्याची सोय पीएचपीत आयती आहे. तिसरीसाठी आपणच नियम लिहावा लागतो.

घरी आले आणि त्याच रात्री ४१ आठवणींच्या चिठ्ठ्या बदलल्या. पहिलं पान मराठीत उघडलं तेव्हा आई चष्मा न लावताच पडद्यापाशी गेल्या.

आणि २२ चं सांगितलं. मनात शंभर वेळा वाक्य जुळवून सांगितलं. त्यांनी एक पान दाखव म्हटलं. बघत बसल्या. मग बोट ठेवलं, "हे काय गं?" प्रश्नचिन्हांच्या रानात १९७८ हा आकडा चक्क उभा होता. त्यांनी काही ठिकाणी आकडे इंग्रजीत टाइप केले होते. इंग्रजी आकडे, स्वल्पविराम, पूर्णविराम, मोकळ्या जागा यांना यंत्राने हात लावला नव्हता. आई म्हणाल्या, "मग ही नर्मदेची. काकूंची." आणि आकड्यापुढच्या शब्दाची प्रश्नचिन्हं मोजायला लागल्या. सहा.

फळ्यावरचं ते पाच मला आठवलं. प्रश्नचिन्ह बाइटला एक नाही आणि अक्षरालाही एक नाही. चिन्हाला एक! नर्मदा म्हणजे न, र, हलन्त, म, द, काना. सहा.

शब्द गेले होते, पण शब्दांची मापं राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी पीएचपीत एक छोटं पान लिहिलं. वर प्रश्नचिन्हांची ओळ, खाली आईंनी टाइप करायची ओळ. शब्दाचं माप जुळलं की तो हिरवा, नाही जुळला की लाल. तीस-चाळीस ओळींचं काम. आई रोज दुपारी बसायच्या. आठवेल तसं वाक्य लिहायचं, लाल शब्दाशी झगडायचं. "बाई 'सडक' म्हणाल्या असतील, मी उगाच 'रस्ता' लिहितेय." सडक लिहिलं की हिरवं. त्यांनी तेव्हा बायकांची बोली सुधारली नव्हती, जशी ऐकली तशी उतरवली होती. हे त्यांना स्वतःलाच नव्याने कळत होतं. गोऱ्हे काही केल्या जुळेना. सहाऐवजी सात प्रश्नचिन्हं होती. ती न दिसणारी जोडचिन्हाची तऱ्हा वापरली, आणि झालं हिरवं.

माप जुळलं म्हणजे शब्द तोच, असं नसतं. तीन चिन्हांचे शंभर शब्द असतात. आईंनी त्याबाबत कडक नियम ठेवला. नक्की आठवतं तेवढंच लिहायचं, शंका आली की प्रश्नचिन्हं तशीच ठेवायची. "मी माझं कशाला घालू त्यांच्या तोंडी?" ज्या बायका हयात होत्या त्यांना वाचून दाखवून विचारलं. तशा चारच होत्या.

दोन वर्षांत २२ पैकी १४ उभ्या राहिल्या, कुठे कुठे भोकं ठेवून. हुकुमचंद मिलच्या रात्रीची पूर्ण झाली. आठ तशाच आहेत. २०१९ मध्ये आई गेल्या. त्या आठांची पानं मी साइटवरून काढलेली नाहीत. प्रश्नचिन्हं, मध्ये स्वल्पविराम, कुठे एखादा आकडा. एकीत १९५६ आहे. कोणाचं लग्न, कोणाची बदली, की मध्य प्रदेश झाला त्याचं काही, मला माहीत नाही. इंदूरच्या जुन्या घरांतल्या कोणाला आपल्या आजीने असं काही सांगितलेलं आठवत असेल तर जरूर कळवा. पान आणि ते हिरवं-लाल यंत्र दोन्ही तयार आहेत.

आणि सगळ्यांनाच एक विनंती. घरी आजोबांची आत्मकथा, वंशावळ, मंडळाची स्मरणिका कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली असेल तर ती फाईल आत इंग्रजी अक्षरांची आहे. फॉन्ट गेला की मराठी गेली. ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, बदलून देणारी साधनं मिळतात. बदलल्यावर ळ, ऱ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. एक प्रत कागदावर, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. कोणी साइट 'दुरुस्त' करायला बसला तर आधी प्रत घेतलीस का, असं विचारा आणि हो म्हटल्याशिवाय हात लावू देऊ नका.

पोस्ट लांबली. डब्यांची वेळ झाली, आणि आमच्याकडे नळही आलेत.